काटा फुटेपर्यंत

पहाटेचे साडेपाच. पुण्यातलं एक स्वयंपाकघर. खिडकी मुद्दाम उघडी ठेवलीय. गारठा आत यायला हवा.

गॅसवर परात, परातीत मूठभर तीळ. यांचा काटेरी हलवा करायचाय, संक्रांतीचा, बाळाच्या दागिन्यांसाठी. ज्योत इतकी बारीक, की पेटलीय ना, ते वाकून बघावं लागतं. आजी चमचाभर पाक तिळांवर सोडतात आणि लगेच बोटं फिरवू लागतात. हा आवाज ऐका. आधी ओलसर, चिकट. पाक सुकत आला की कोरडी सरसर. मग पुढचा चमचा.

नातवाचं बोरन्हाण चार दिवसांवर आलंय. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं. पण रथसप्तमी तिथीने येते. २०२५ साली ती ४ फेब्रुवारीला होती, २०२६ साली थेट २५ जानेवारीला. म्हणून यंदा घाई.

सूनबाईंनी थीम ठरवलीय गोकुळाची. मोरपिसं, रंगवलेली मडकी, भिंतीवर निळं कापड. आजी म्हणतात, "अगं, बोरन्हाणाला बाळाचा कृष्णच करतात. त्यात थीम कसली?" मडकी मात्र त्यांनीच रंगवून दिलीत.

पाक एकतारी. एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी. उकळी आली की चमचाभर दूध घालायचं. साखरेतला मळ फेसाबरोबर वर येतो, तो काढून टाकायचा. इथे आळस केला तर हलवा पिवळट दिसतो.

लिमलेटची गोळीही साखरेचीच, पण तिची तऱ्हा उलटी. तिचा पाक १५० अंश सेल्सियसच्या आसपास नेतात आणि साखरेचे कण पुन्हा जुळू नयेत म्हणून त्यात ग्लुकोजचं सिरप घालतात. त्यामुळे ती काचेसारखी आरपार दिसते. हलव्याला मात्र कण जुळायलाच हवे असतात. पाकाचा पातळ थर सुकतो, साखर तिळावर जमते, पुढचा थर तिलाच धरून बसतो. जिथे टोक निघालं, तिथे साखर आणखी चढते. त्यालाच म्हणायचं काटा.

आणि तो मनात येईल तेव्हा फुटतो.

पहिल्या दिवशी दोन तास बसून तीळ फक्त पांढुरके झाले. दुसऱ्या दिवशी जरा गोल. परातीत साखरेची भुकटी साठते, ती दर थोड्या वेळाने चाळून काढायची, नाहीतर दाणे गुळगुळीतच राहतात. बोटांवरही साखर चढते, म्हणून बाजूला ओलं फडकं. आच वाढवून काम उरकता येईल का? आजी नुसत्या बघतात. आच वाढली की पाक दाण्यावर बसण्याआधीच परातीत वाळतो. मुंबईच्या दमट हवेत तर तो नीट सुकतही नाही; तिथल्या बायका हलवा करताना काय काय सोसत असतील, देव जाणे.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या ताटलीत खसखस आणि मगजबी. खसखशीचा हलवा मोहरीएवढा, नाजूक.

चौथी पहाट. आजी तळहातावर एक दाणा ठेवून कॅमेऱ्यापुढे धरतात. बारीक बारीक टोकं, चहूबाजूंनी.

दागिन्यांसाठी दाणे सुईत ओवता येत नाहीत, फुटतात. एकेका दाण्याभोवती दोऱ्याची गाठ मारावी लागते. हार आणि बासरी घरी झाली. मुकुट तुळशीबागेतून आणला. तो पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवलेला, म्हणून बाळाच्या तोंडाजवळ जाऊ द्यायचा नाही. खरं तर वर्षाच्या बाळाला हलव्याचा दाणाही द्यायचा नाही, घशात अडकतो. हा खाऊ जमलेल्या मोठ्या मुलांचा.

संध्याकाळ. काळं झबलं, पाटावर बाळ, औक्षण. मग डोक्यावरून माप ओततात. बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, हलवा, आणि सूनबाईंच्या आग्रहाने चॉकलेटं. बाळ आधी दचकतं, मग उसाचा करवा घट्ट धरून बसतं. तोवर इमारतीतली पोरं जमिनीवर आडवी झालेली. चॉकलेटं आधी संपतात. मग बोरं.

आजी खाली वाकून पाटाशी पडलेला एक दाणा उचलतात. दिव्याखाली धरून फिरवून बघतात.

"काटा मोडला नाही, बघ."