दोन दाबांमधले अंतर

मित्रहो, झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारी दोन यंत्रे आहेत, एका दाबाचे सीपॅप आणि दोन दाबांचे बायपॅप. बायपॅप म्हणजे अधिक ताकदीचे सीपॅप, ही समजूत आपल्या शहरात इतकी रुजली आहे की आजचे व्याख्यान मी मुख्यतः ती दूर करण्यासाठी देत आहे. दादरच्या या सभागृहात बसलेल्या बहुतेकांच्या घरी कोणी ना कोणी घोरत असेल, आणि घोरण्याची खरी साक्ष घोरणारा देत नाही, शेजारी जागे राहणारा देतो. त्यामुळे झोपेत श्वास अडकणे म्हणजे काय, हे मी वेगळे सांगत नाही. छातीच्या विकारांचे तज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्याच मध्यमवयीन पुरुषांची पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा सुमारे पाचांतल्या एकाच्या झोपेतल्या श्वासात बिघाड आढळला होता.

लालबागच्या एका निवृत्त शिक्षकांची हकीकत सांगतो. स्थूलता आणि सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार), दोन्ही असलेल्या या गृहस्थांना रुग्णालयातून घरी सोडताना बायपॅप लिहून दिले होते, परंतु कागदावर दाबाचे आकडे नव्हते. मुलाने यंत्र भाड्याने आणले, दुकानदाराच्या माणसाने ते उशाशी ठेवून मास्क बांधला आणि आधीच्या रुग्णासाठी लावलेले आकडे तसेच ठेवून तो निघून गेला. सकाळी डोके दुखू लागले, दुपारी जेवताजेवता डोळे मिटू लागले. बोटावरच्या ऑक्सिमीटरने ऑक्सिजन ८८ टक्के दाखवला म्हणून घरच्यांनी काळजीपोटी ऑक्सिजन देणारा कॉन्सन्ट्रेटर वाढवला. आकडा ९७ झाला, सर्वांना हायसे वाटले, आणि गुरुजी मात्र आणखी गुंगीत गेले. कोविडनंतर घरोघरी आलेले ते छोटे उपकरण फक्त ऑक्सिजन दाखवते. कार्बन डायऑक्साइड किती साचला, हे त्याला कळत नाही. अशा रुग्णांत ऑक्सिजन ८८ ते ९२ च्या दरम्यान राखणेच योग्य असते, आणि तो बेताबाहेर वाढवला की कार्बन डायऑक्साइड आणखी चढतो. एबीजी, म्हणजे धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी, केली तेव्हा नेमके तेच दिसले. यंत्राचे दोन दाब पाहिले, तर त्यांत अवघे दोन सेंटिमीटर पाण्याचे (हा दाब याच एककात मोजतात) अंतर होते. दमलेल्या छातीला त्या यंत्राकडून जवळजवळ काहीच मदत मिळत नव्हती, आणि रुग्णाला पोटतिडकीने जपणाऱ्या त्या कुटुंबाला हे कोणी सांगितलेच नव्हते. याचा मला आजही संताप येतो.

व्यवस्थापकांनी वेळेची चिठ्ठी पाठवली आहे, म्हणून मूळ विषय थोडक्यात मांडतो. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडलेले सीपॅप एकाच दाबाने घसा उघडा ठेवते, आणि ज्यांचा दोष केवळ घशात आहे अशा बहुतेकांना ते पुरते. बायपॅपमध्ये श्वास सोडतानाचा दाब, म्हणजे ईपॅप, हेच काम करतो. श्वास घेतानाचा आयपॅप त्याहून वर चढतो, आणि झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेल्या झोक्याप्रमाणे प्रत्येक श्वासाला बळ देतो. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो तो या दोहोंतल्या अंतरामुळे. आयपॅप १६ आणि ईपॅप ६ असेल तर अंतर १० सेंटिमीटर पाण्याचे. दोन्ही दाब सारखेच वाढवले, तर घसा अधिक उघडेल, पण हे अंतर वाढणार नाही.

म्हणून स्थूलतेमुळे श्वास उथळ होऊन जागेपणीही रक्तातला कार्बन डायऑक्साइड ४५ मिलिमीटर पाऱ्याच्या वर राहणारे, सीओपीडीत तो साचणारे, आणि स्नायू दुबळे झालेले, हे बायपॅपचे प्रमुख रुग्ण आहेत. स्नायूंच्या आजारात तर यंत्राने स्वतःहून श्वास देण्याचा किमान दरही लावावा लागतो. आयपॅप, ईपॅप आणि हा दर चिठ्ठीवर लिहून मागा, मास्कमधून हवा गळते का ते तपासून घ्या, आणि काही आठवड्यांनी एबीजी पुन्हा करा. हृदय दुबळे असलेल्यांनी विशेष जपावे, कारण श्वासागणिक दाब आपोआप बदलणाऱ्या एएसव्ही यंत्राने, हृदयाची पंपिंग क्षमता ४५ टक्के किंवा कमी आणि झोपेतला दोष मुख्यतः मेंदूकडून येणारा, अशा रुग्णांत मृत्यू वाढल्याचे २०१५ च्या मोठ्या चाचणीत दिसले आहे.