नकाशावरची ग्रँड नदी

(दृश्य: जुन्या नकाशावर दोन नद्यांचा संगम)

अमेरिकेत कोलोरॅडो राज्याच्या पश्चिम कडेला, सुमारे 1,400 मीटर उंचीवर ग्रँड जंक्शन वसलंय. गाव संगमावरचं. दक्षिणेकडून गनिसन येते, पूर्वेकडून कोलोरॅडो. पण 1921च्या आधीच्या नकाशात कोलोरॅडो शोधू नका. तिथे ती 'ग्रँड रिव्हर' आहे. त्या वर्षी अमेरिकी काँग्रेसने नदीचं नाव बदललं. गावाच्या नावात जुनी नदी तशीच राहिली.

म्हणून स्थलदर्शक, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणारा, नकाशा हाती आला की आधी नदीचं नाव वाचावं, मग समासातली सालं. पाहणीचं साल वेगळं, आवृत्तीचं वेगळं, पुनर्मुद्रणाचं आणखी वेगळं. पुनर्मुद्रणाचं साल धरून रस्त्याचं वय काढलं, की हमखास चूक होते.

(दृश्य: गावाच्या उत्तरेकडचा भाग, अगदी जवळून)

ही निळी रेषा पाहा. तपकिरी समोच्चरेषांच्या, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांच्या, जवळजवळ समांतर, वळणं घेत जाते. हा हायलाइन कालवा, 1910च्या दशकात बांधलेला. पाणी स्वतःच्या ओढीनं वाहायला हवं, पण उंची वाया जाता कामा नये. म्हणून कालव्याला उतार अगदी नाममात्र. कालव्याच्या खालच्या अंगाला चौकोनी रस्त्यांची दाट जाळी, म्हणजे भिजणारी जमीन. वरच्या अंगाला बुक क्लिफ्सच्या कड्यांपर्यंत कोरडं रान. या खोऱ्याचं सगळं जगणं या एका रेषेत दिसतं. ती नकाशात नसेल, तर पाहणी कालव्याआधीची.

उंची मोजताना जाड समोच्चरेषा धरा, दर पाचवी रेषा जाड असते. लागोपाठच्या दोन रेषांमधला उंचीचा फरक फुटांत असतो आणि तो तळाशी छापलेला असतो. नंतरच्या आवृत्त्यांवरची जांभळी भर हवाई छायाचित्रांवरून घातलेली आहे, जागेवर जाऊन पडताळलेली नाही.

संगणकावर जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवताना नदीकाठ जुळवू नका, पात्र सरकतं. चार कोपऱ्यांवर छापलेले अक्षांश-रेखांश घ्या. 1:62,500 प्रमाणात कागदावरचा 1 मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे साडेबासष्ट मीटर, त्यामुळे सुरकुतलेला कागदही दगा देतो. आणि 'नॅड 27' हा आधार, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याची 1927ची उत्तर अमेरिकी चौकट, निवडायला विसरू नका. यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-जाळीत ती निवड चुकली, तर इथे उत्तर-दक्षिण सुमारे 200 मीटरचा फरक पडतो आणि काठावरचं घर थेट पाण्यात दिसतं.