क्लासच्या गल्लीतली भूक

[पुण्यातली एक गल्ली. सायकली, दप्तरं, वडापावची गाडी.]

मुलांचं वजन का वाढतं, ते या गल्लीत बघा. शाळा साडेपाचला सुटली. सहाला क्लास. मधल्या वेळात घरी जाऊन पोळीभाजी खाऊन परत येणं नववीतल्या मुलाला जमत नाही, आणि डबा दुपारीच संपलेला असतो. भूक तर लागतेच. मग वडापाव, फ्रँकी, चीज सँडविच, सोबत थंड पेय. कोलाच्या 300 मिलिलिटरच्या बाटलीत 30 ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. आपण चहात एवढी कधी घालू का?

2020 च्या केंद्रीय नियमानुसार शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ मुलांना विकता येत नाहीत. नियम चांगला आहे. पण संध्याकाळी मुलं शाळेच्या नाही, क्लासच्या दाराशी असतात.

आठला क्लास सुटतो. मग जेवण, गृहपाठ, मोबाइल, आणि झोपायला बारा. या वयात रोज किमान 60 मिनिटं चांगली दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती बसवायची कुठे? पीटीचा तास वेळापत्रकात असतो, पण सहामाही जवळ आली की तो गणिताकडे जातो. असा दिवस आखला आपण मोठ्यांनी. वजन वाढलं की बोलणी खातं ते पोर. वर्गात ‘ढोल्या’, घरी ‘जिभेवर ताबा नाही’. हे थांबायला हवं. चिडवल्यानं कुणाचं वजन उतरत नाही. मूल मैदानावर जायचं तेवढं टाळू लागतं.

[शाळेचा वर्ग. मुलं-मुली बाकांवर.]

2016 ते 2018 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 10 ते 19 वयाची सुमारे 5 टक्के मुलं जास्त वजनाची आढळली, तर 24 टक्के हडकुळी. पाच टक्के म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण त्याच सर्वेक्षणात या वयोगटातल्या दर दहांपैकी एकाची रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. म्हणजे नुसतं वजन बघून भागत नाही.

याचा एक धागा पुण्यातच सापडला. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली 3.5 किलोची. आपली बाळं हाडापेरानं बारीक, स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानानं राखलेली. अशा मुलाचं वजन पुढे भराभर वाढलं तर मधुमेहासारखा त्रास लवकर सुरू होतो. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या 2015 च्या वाढीच्या तक्त्यांत जास्त वजनाची धोक्याची रेषा परदेशी तक्त्यांपेक्षा खाली ओढलेली आहे.

[मानेचा जवळून घेतलेला भाग.]

हा काळसर, मखमलीसारखा जाड पट्टा बघा. आया तो मळ समजून अंघोळीला दगडानं घासतात. मुलगी रडते, मान लाल होते, पट्टा जात नाही. जाणार कसा? शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासं झालं की रक्तात ते वाढतं आणि कातडी तिथे जाड होते. काखेतही असंच दिसतं. हे दिसलं की साबण बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञ गाठायचे. ते उंची, वजन, कंबर मोजतात, रक्तदाब बघतात, साखर आणि यकृताच्या तपासण्या सांगतात.

पुष्कळ पालक ‘डाएट’ची धास्ती घेऊन येतात. वाढत्या वयातल्या बऱ्याच मुलांचं वजन उतरवावंही लागत नाही. ते आहे तिथे धरून ठेवायचं, उंची वाढते तसं प्रमाण सुधारतं. मुलाला उपाशी ठेवू नका. त्याच्यासाठी वेगळं ताटही नको, घरात सगळ्यांनी तेच खायचं. आणि दप्तरात दुसरा एक लहान डबा द्या, साडेपाचच्या भुकेसाठी: भाजलेले शेंगदाणे, उकडलेलं अंडं, मटकीची उसळ-पोळी, एखादं केळं.