मानेतली नवी गादी

निर्जंतुक हिरव्या कापडावर ठेवलेली ही वस्तू, म्हणजे मानेच्या मणक्यांमध्ये बसवायची कृत्रिम गादी, कोटाच्या बटणाएवढी आहे. वरखाली धातूच्या दोन चकत्या आणि मध्ये पॉलिइथिलीन या प्लास्टिकचा गुळगुळीत घुमट. चिमट्याने ढकलली की वरची चकती हव्या त्या बाजूला कलते.

हे एमआरआयचे चित्र. मानेच्या सात मणक्यांपैकी पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली गादी इतरांपेक्षा काळी दिसते, कारण तिच्यातला पाण्याचा अंश आटला आहे. तिचा मागे सरकलेला भाग नसेवर टेकल्यामुळे कळ दंडातून थेट अंगठ्यापर्यंत उतरते. औषधे आणि व्यायाम यांनी बहुतेकांची नस मोकळी होते. शस्त्रक्रियेपर्यंत थोडेच येतात.

अशा रुग्णांची गादी काढून दोन्ही मणके हाडाच्या तुकड्याने सांधण्याची पद्धत १९५० च्या दशकात रूढ झाली. ती आजही उत्तम चालते, मात्र सांधलेला भाग हलत नाही आणि त्याचा भार शेजारच्या गाद्यांवर पडतो. हालचाल राखण्यासाठी १९६० च्या दशकात स्वीडनचे सर्जन फर्नस्ट्रॉम यांनी पोलादी गोळी बसवून पाहिली, पण ती मणक्यांत रुतत असे. पुढे इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये सर्जन कमिन्स यांनी सांध्यासारखी हलणारी गादी घडवली आणि २००७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा पहिल्या गादीला मान्यता दिली.

आता छेद पाहा. तो मानेच्या पुढच्या बाजूला, त्वचेच्या नैसर्गिक वळीतच, जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा घेतला जातो. मोठी रक्तवाहिनी एका बाजूला आणि श्वासनलिका व अन्ननलिका दुसऱ्या बाजूला सारून सर्जन बहुतांशी बोटानेच वाट काढतात, आणि त्या वेळी धमनीचे ठोके त्यांच्या बोटाला जाणवत असतात. सूक्ष्मदर्शकाखाली गादीचे तंतू कणाकणाने निघतात, मागे वाढलेले हाडाचे टोक घासले जाते आणि मग मज्जारज्जूवरचे पांढुरके आवरण दिसू लागते. ते हलके हलके धडधडते आहे. या मोकळ्या जागेत आधी मापाचा नमुना घालून क्ष-किरणांखाली मध्यरेषा तपासली जाते, आणि नंतरच हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी खरी गादी आत सरकते.

हाडे ठिसूळ झालेल्यांना किंवा मणक्यांचे मागचे सांधे फार झिजलेल्यांना ही शस्त्रक्रिया चालत नाही. काहींना गिळताना त्रास होतो, आवाज बसतो, क्वचित गादीभोवती हाड वाढून ती जखडते.

शस्त्रक्रियेनंतरच्या क्ष-किरण चित्रफितीत रुग्ण मान खाली वाकवतो, तेव्हा दोन चकत्यांमधली फट मागच्या बाजूला रुंदावते. तो वर पाहतो, तेव्हा ती पुढच्या बाजूला उघडते.