तुरुंगाच्या दारातल्या विधवा आणि आतला गुरू

श्रोतेहो, नमस्कार.

“खोट्या संदेष्ट्यांविषयी सावध असा” हे प्रभू येशूचे वचन डोंगरावरील प्रवचनाच्या अखेरीस, मत्तयाच्या सातव्या अध्यायात येते. आपल्या मंडळ्यांमधून ते इतक्या वेळा वाचले गेले आहे की, मेंढराचा वेष म्हटले की लांडगा आपोआप तोंडी येतो. म्हणून त्या वचनाचा अर्थ उलगडत बसण्याऐवजी, दुसऱ्या शतकात ज्यांच्यावर हा प्रसंग प्रत्यक्ष गुदरला, त्या साध्या माणसांची हकीकत मी आज सांगणार आहे. ती लिहून ठेवणारा मनुष्य ख्रिस्ती नव्हता. उलट ख्रिस्ती लोकांची टिंगल करणारा होता, आणि म्हणूनच त्याची साक्ष मला मोलाची वाटते.

त्याचे नाव लुशियन. फरात नदीकाठच्या समोसाटा नगरचा, ग्रीक भाषेत लिहिणारा आणि देवाधर्माच्या नावाने मिरवणाऱ्या कोणाचीही गय न करणारा असा हा उपहासकार होता. पेरेग्रिनस नावाच्या एका माणसाच्या मरणावर त्याने पत्रवजा लेख लिहिला. पेरेग्रिनस परियम गावचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचा. बाप साठीच्या पुढे जगला हे न सोसून याने त्याचा गळा दाबला आणि बोभाटा झाल्यावर गाव सोडले, असे लुशियन सांगतो. हा आरोप मी आरोप म्हणूनच तुमच्यापुढे ठेवत आहे. फिरत फिरत हा मनुष्य पॅलेस्टाइनात पोचला, तेथील ख्रिस्ती लोकांच्या सहवासात राहिला, आणि कालपर्यंत शिकणारा मनुष्य थोड्याच दिवसांत शिकवू लागला. संदेष्टा तोच, सभेचा पुढारी तोच, ग्रंथांचा अर्थ सांगणारा तोच आणि नवे ग्रंथ लिहिणाराही तोच. चारही कामे एकाच माणसाच्या हाती गेली, हे लुशियन सहज बोलून पुढे जातो; आपण मात्र तेवढे लक्षात ठेवू.

पुढे ख्रिस्ती असल्याच्या कारणावरून त्याला अटक झाली, आणि त्या अटकेने त्याची कीर्ती कमी न होता दुणावली. त्याला सोडवण्याची खटपट फसल्यावर मंडळीने त्याची सेवा आरंभली. दिवस उजाडताच तुरुंगाच्या दाराशी म्हाताऱ्या विधवा आणि पोरकी मुले येऊन थांबलेली दिसत. मंडळीतले मानकरी पहारेकऱ्यांचे हात ओले करून रात्री आत त्याच्याजवळ झोपत. तऱ्हेतऱ्हेचे जेवण आत जाई, पवित्र ग्रंथांचे वाचन होई, आणि लोक त्याला ‘नवा सॉक्रेटिस’ म्हणत. पहारेकऱ्याला लाच देणे नीतिमत्त्वात बसते का, असे एखादा चोखंदळ श्रोता विचारील; माझ्या मते बसत नाही, परंतु त्या विधवांनी लाच दिली नव्हती, त्या नुसत्या बाहेर उभ्या होत्या. आशिया प्रांतातल्या नगरांमधूनही मंडळ्यांनी सामाईक खर्चाने माणसे पाठवली, त्यांनी त्याची बाजू उचलून धरली, त्याला धीर दिला, आणि या साऱ्यात पेरेग्रिनसच्या हाती बराच पैसा आला.

येथे लुशियन आपला शेरा मारतो. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की या लोकांच्या पहिल्या नियमकर्त्याने यांना तुम्ही सगळे भाऊभाऊ आहात असे पटवून दिले आहे. त्यामुळे हे मालमत्तेला तुच्छ मानतात, ती सर्वांची समजतात आणि पुरावा न मागता सांगितलेले सारे स्वीकारतात. म्हणून एखादा हिकमती भोंदू यांच्यात शिरला की भोळ्या माणसांच्या जिवावर बघता बघता गबर होतो. श्रोतेहो, या शेऱ्यातला निम्मा भाग दूषण म्हणून लिहिलेला असला, तरी तो वाचताना मला अभिमान वाटतो. उरलेल्या निम्म्याने मात्र मान खाली जाते.

सीरियाच्या सुभेदाराला तत्त्वज्ञानाची आवड होती. हा मनुष्य कीर्तीसाठी मरायला उत्सुक आहे, हे ओळखून त्याने त्याला शिक्षा न करता सोडून दिले. पेरेग्रिनस गावी परतला, तेव्हा बापाच्या मरणाचे प्रकरण धुमसतच होते. मग केस वाढवून, मळकट वस्त्र पांघरून, खांद्याला झोळी आणि हाती दंड अशा थाटात तो सभेत आला आणि वडिलांची उरलीसुरली मालमत्ता त्याने गावाला देऊन टाकली. लोकांनी जयजयकार केला आणि आरोप करणाऱ्यांची तोंडे बंद झाली. त्यानंतर तो पुन्हा भटकंतीला निघाला, अर्थात ख्रिस्ती मंडळ्यांच्या खर्चाने. काही काळाने त्याच्याकडून कसला तरी नियमभंग घडला, बहुधा निषिद्ध अन्न खाल्ले गेले असे लुशियनला वाटते, आणि मंडळीने त्याला दूर केले. तेव्हा या दानशूराने काय करावे? गावाला दिलेली मालमत्ता परत मिळावी म्हणून त्याने बादशहाकडे अर्ज केला! तो मंजूर झाला नाही.

शेवटी इसवी सन 165 च्या ऑलिम्पिक खेळांच्या वेळी, आगाऊ जाहीर करून, त्याने चितेत उडी घेतली. लुशियन स्वतः तेथे हजर होता. परतीच्या वाटेवर भेटणाऱ्या भोळ्या लोकांची गंमत करावी म्हणून त्याने एक थाप ठोकली, की ज्वाळांतून एक गिधाड उडाले आणि मनुष्यवाणीने बोलत आकाशात गेले. थोड्या वेळाने एक पिकल्या केसांचा, भारदस्त दिसणारा वृद्ध लोकांना शपथेवर सांगताना त्याला आढळला, की मी ते गिधाड डोळ्यांनी पाहिले, आणि एवढेच नव्हे, तर पेरेग्रिनस शुभ्र वस्त्रांत फिरतानाही मी आत्ताच पाहून आलो. आपल्याकडे मोठ्या मंडपातल्या सभांमध्ये जी साक्ष दिली जाते, तिच्या वेळी मला हा वृद्ध हटकून आठवतो. तो खोटे बोलायला आला नव्हता. त्याला फक्त चमत्काराच्या जवळ उभे राहायचे होते.

एवढ्यावर हकीकत संपली असती, तर पेरेग्रिनस भोंदू होता असे म्हणून आपण मोकळे झालो असतो. परंतु ऑलस गेलियस नावाच्या रोमन लेखकालाही तो भेटला होता. अथेन्सबाहेर झोपडीत राहणारा हा मनुष्य त्याला गंभीर आणि खंबीर वृत्तीचा वाटला. गेलियसने त्याची शिकवण नोंदवली आहे ती अशी, की देवांना आणि माणसांना कधीच कळणार नसले, तरी शहाणा मनुष्य पाप करणार नाही. ही शिकवण खोटी आहे काय? मुळीच नाही. तुमचे दान गुप्त असावे, उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये, असे मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे, आणि शास्त्री व परूशी यांच्यापेक्षा अधिक असे जे नीतिमत्त्व प्रभू मागतो, ते तेथेच, कोणी पाहत नसताना सुरू होते. म्हणजे खोटा शिक्षक खोटेच शिकवील असे नाही. पुन्हा सांगतो, खोटा शिक्षक खोटेच शिकवील असे नाही. त्याची वाक्ये आपल्या पाळकसाहेबांच्या वाक्यांहून सरस असू शकतात.

मग ओळखावे कसे? सुरुवातीच्या मंडळ्यांना हा पेच चांगला ठाऊक होता. ‘दिदाखे’ म्हणून ओळखली जाणारी, पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या आरंभीची मानली जाणारी एक छोटी नियमपुस्तिका आहे. तिची हस्तलिखित प्रत फिलोथिओस ब्रिएनिओस या ग्रीक धर्मगुरूंना 1873 साली कॉन्स्टँटिनोपल येथे सापडली आणि 1883 साली ती छापली गेली. तिच्यातल्या कसोट्या विलक्षण घरगुती आहेत. फिरता प्रेषित आला तर त्याला प्रभूप्रमाणे घरात घ्यावे. त्याने एक दिवस राहावे, गरज पडल्यास दोन. तीन दिवस राहिला, तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर घ्यावी. पैसे मागितले, तर तो खोटा. आत्म्याच्या प्रेरणेने पंगत मांडायला सांगून स्वतःच जेवायला बसला, तर तो खोटा. आणि सत्य शिकवूनही त्याप्रमाणे वागला नाही, तर तोही खोटा. संदेष्टा आत्म्याने बोलत असता त्याच्या बोलण्याची परीक्षा घेऊ नये, असेही तीच पुस्तिका सांगते. म्हणजे परीक्षा बोलण्याची नाही, मुक्कामाची, भाकरीची आणि पैशाची.

आमच्याकडे वार्षिक सभेत हिशेब वाचायला लागले की निम्मी मंडळी चहाला उठते आणि बाहेर जाऊन शिकवणुकीतल्या बारकाव्यांवर तावातावाने वाद घालते. मला हे बरोबर वाटत नाही. चौकातल्या फलकावर उपदेशकाचा हात उंचावलेला छायाचित्ररूपी अवतार आणि खाली बारीक अक्षरांत ख्रिस्ताचे नाव, हेही मला खटकते. पण तो विषय मी वाढवत नाही.

‘दिदाखे’ या पुस्तिकेतच एक उद्गार आहे, की दान कोणाला द्यायचे हे कळेपर्यंत ते तुझ्या तळहातात घामेजू दे. तुरुंगाच्या दाराशी उभ्या राहिलेल्या त्या विधवांकडे दान होते, कळवळा होता, आणि माझ्या मते या हकीकतीतले खरे नीतिमत्त्व त्यांच्याकडेच होते, कारण आत बसलेला मनुष्य खोटा निघाल्याने त्यांचे पहाटेचे उभे राहणे खोटे ठरत नाही. मंडळीच्या पुढाऱ्यांनी मात्र तळहात घामेजण्याची वाट पाहिली नाही. कोणी येऊन गावातच राहू म्हणाला, तर त्याला कसब असल्यास त्याने काम करून जेवावे, असाही नियम आहे. करिंथात पौल अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहुट्या करीत होता, हे तुम्ही जाणताच. असा आलेला मनुष्य काम करायला तयार नसेल, तर तो ख्रिस्ताच्या नावावर धंदा करणारा समजावा. आणि आत्म्याच्या नावाने ‘मला पैसे द्या’ म्हणणाऱ्याचे ऐकू नये, असे बजावल्यावर लगेच पुढे लिहिले आहे, की तो दुसऱ्या गरजवंतांसाठी मागत असेल, तर त्याला कोणी दोष लावू नये.