पहिली-दुसरीतले वाचन आणि आपले अभ्यासक्रमाचे वाद

श्रोतेहो,

अभ्यासक्रमावरचा इतका मोठा वाद महाराष्ट्राने बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता, जितका २०२५ च्या उन्हाळ्यात पाहिला. १६ एप्रिलला शासन निर्णय निघाला आणि मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून अनिवार्य झाली. १७ जूनला नवा निर्णय आला, त्यातून सक्तीचा शब्द गेला, पण दुसरी एखादी भाषा हवी असेल तर वर्गात किमान वीस मुलांनी ती मागितली पाहिजे अशी अट आली. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले आणि तिसरी भाषा कोणत्या इयत्तेपासून असावी हे ठरवण्यासाठी अर्थतज्ज्ञ डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा झाली. या अडीच महिन्यांत वर्तमानपत्रांचे रकाने भरले, सभा झाल्या, लेखक-कलावंत बोलले, राजकीय पक्षांनी भूमिका घेतल्या. माझे मत मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या बोलण्याचा विपर्यास होणार नाही. पहिलीत तिसरी भाषा आणण्याला माझा विरोध होता आणि आहे. मात्र त्या वादात जे बोलले गेले नाही, त्याची मला जास्त काळजी वाटते.

शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या ‘प्रथम’ या संस्थेचा ‘असर’ हा मुलांच्या वाचनाची पाहणी करणारा अहवाल त्याच वर्षीच्या जानेवारीत, म्हणजे पहिल्या शासन निर्णयाच्या तीनच महिने आधी प्रसिद्ध झाला होता. देशातील ग्रामीण भागात, सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २०.९ टक्के होते, ते करोनानंतर २०२२ मध्ये १६.३ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये २३.४ टक्क्यांपर्यंत सावरले. सरकारी आणि खासगी शाळा मिळून पाहिले तर पाचवीत हे प्रमाण २०२४ मध्ये ४८.८ टक्के होते. महाराष्ट्र राष्ट्रीय सरासरीच्या वर आहे, हे समाधानाने सांगता येईल. पण आपल्याकडेही तिसरीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट सलग वाचता येत नाही. पहिलीत किती भाषा असाव्यात, यावर राज्य पेटले असताना, त्याच वर्गांतून पुढे गेलेल्या मुलांना एक भाषा तरी वाचता येते का, हा प्रश्न त्या चर्चेच्या कडेलाही फारसा आला नाही.

हे आकडे नीट वाचण्याचीही आपल्याला सवय लावून घ्यावी लागेल. ‘असर’ची चाचणी शाळेत होत नाही, घरी होते. कार्यकर्ता मुलाजवळ बसतो आणि त्याच्यापुढे एक कागद ठेवतो, ज्यावर सुटी अक्षरे, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. मूल ज्या पातळीपर्यंत सहज पोहोचते, तेथे त्याची नोंद होते. त्यामुळे गोष्टीवर अडखळणारे, पण परिच्छेद वाचणारे मूल ‘वाचता येत नाही’ या मथळ्यात ढकलणे चुकीचे आहे. उलट गोष्ट घडाघडा वाचून दाखवणाऱ्या मुलाला तिचा अर्थ किती लागला, हेही या नोंदीतून पुरते कळत नाही. शिवाय हे सर्वेक्षण ग्रामीण भागापुरते असल्यामुळे मुंबई-पुण्याच्या वस्त्यांतील महापालिका शाळांविषयी ते काही सांगत नाही. म्हणून कोणी ‘सरकारी शाळा संपल्या’ असे म्हणू लागले की मी सावध होतो, आणि कोणी ‘ही सर्वेक्षणेच खोटी’ असे म्हणू लागले की अधिक सावध होतो. कारण शाळाभेटींत शिक्षक खासगीत जे सांगतात, ते या आकड्यांपेक्षा फार वेगळे नसते.

आता या चर्चेचा जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, त्याकडे येतो. मराठी वाचायला शिकणे म्हणजे नेमके काय शिकणे असते? आपण मोठी माणसे वाचनाला इतकी सरावलेली असतो की देवनागरी सोपी आहे, जसे बोलतो तसे लिहितो, असे सहज म्हणून जातो. सहा वर्षांच्या मुलाच्या बाजूने पाहा. व्यंजनांच्या बाराखड्या मांडल्या तर चारशेच्या वर आकार होतात. त्यात ‘कि’ची वेलांटी आधी लिहायची आणि तिचा उच्चार व्यंजनानंतर करायचा. ‘र’ तर ‘सूर्य’मध्ये डोक्यावर चढतो, ‘चक्र’मध्ये पायाशी बसतो, ‘राष्ट्र’मध्ये आणखी वेगळा दिसतो आणि ‘वाऱ्यावर’मध्ये चौथेच रूप घेतो. त्यापुढे जोडाक्षरे आहेत. ‘चमचा’ आणि ‘चार’ यांतला ‘च’ लिहिताना एक असतो आणि म्हणताना दोन. कन्नडसारख्या भारतीय लिप्यांवर संशोधक सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासातून असे दिसले आहे की अक्षरांवर पूर्ण पकड येण्याची प्रक्रिया चौथीपर्यंत चालू राहते. इंग्रजीची सव्वीस अक्षरे ओळखण्याशी याची तुलना होत नाही. याचा अर्थ असा की पहिली आणि दुसरी ही दोन वर्षे मराठी वाचनासाठी जेमतेम पुरतात, आणि त्यांतील रोजचा प्रत्येक तास जपून वापरावा लागतो. हिंदीची लिपी मराठीचीच आहे, त्यामुळे ओझे वाढणार नाही, असा युक्तिवाद त्या वेळी झाला. लिपीपुरता तो खरा आहे. पण नवी शब्दसंपत्ती, शब्दांची वेगळी लिंगे, वेगळे शुद्धलेखन आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेळ, याचा हिशेब त्या युक्तिवादात नव्हता.

वाचन कसे शिकवावे याविषयी महाराष्ट्रात काम झालेले नाही, असे अजिबात नाही. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेत जी पद्धत विकसित केली, तिच्यात वर्णमाला ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत ओळीने घोकून घेत नाहीत. थोड्या अक्षरांचा गट घेतात, त्यासोबत एखादे स्वरचिन्ह घेतात आणि लगेच शब्द बनवू लागतात. क, म, ल आणि काना एवढेच हाताशी असले, तरी काका, मामा, काम, माल, कमला असे शब्द मूल वाचू शकते. चिन्हाला आवाज आहे आणि आवाजाला अर्थ आहे, हे त्याला पहिल्याच काही आठवड्यांत उमगते. वाडा तालुक्यात नीलेश निमकर आणि ‘क्वेस्ट’ या संस्थेने आदिवासी मुलांसोबत अनेक वर्षे हेच काम पुढे नेले. त्याच वाड्यात आणि कर्नाटकातील यादगीरमध्ये शैलजा मेनन यांच्या नेतृत्वाखाली २०११ ते २०१६ या काळात एक दीर्घ अभ्यास झाला, ज्यात त्याच मुलांच्या वाचन-लेखनाची प्रगती पहिलीपासून तिसरीपर्यंत पाहिली गेली. तिसरी संपतानाही अनेक मुलांना स्वरचिन्हांसह साधे शब्द नीट वाचता येत नव्हते, आणि वर्गातले लेखन म्हणजे बहुतेक वेळा फळ्यावरचे उतरवून घेणे होते. मुलांना बुद्धी कमी होती असा याचा अर्थ कोणीही काढू नये. पाठ्यपुस्तकातल्या पायऱ्या, शिक्षकाला मिळालेले प्रशिक्षण आणि मुलाची गरज यांचा मेळ बसत नव्हता. अभ्यासक्रमावरच्या कोणत्याही चर्चेत हा अभ्यास पहिल्या पानावर असायला हवा.

तसे होत नाही, कारण आपले वाद नेहमी एका विशिष्ट जागी पेटतात. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘तेवीस’ला जोडून ‘वीस तीन’ असे वाचन सुचवले गेले. ज्येष्ठ गणिती मंगला नारळीकर यांनी त्यामागची भूमिका शांतपणे समजावून सांगितली. विषय विधिमंडळापर्यंत गेला, थट्टा झाली, आणि काही आठवड्यांनी सारे शमले. या पद्धतीने शिकलेल्या मुलांना संख्या अधिक चांगल्या वाचता आल्या की नाही, याची सार्वजनिक चर्चा पुढच्या वर्षी माझ्या तरी पाहण्यात आली नाही. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी आले. मराठी शाळेतल्या मुलांनाही इंग्रजी मिळावे, हा त्यामागचा हेतू चांगला होता. पण शिकवणारे शिक्षक तयार होते का, हा प्रश्न हेतूच्या कौतुकात मागे पडला. २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकांना वहीची कोरी पाने जोडली गेली आणि २०२५-२६ पासून ती काढली गेली. यातला प्रत्येक निर्णय पुस्तकाच्या पानावर दिसतो, म्हणून त्यावर वाद घालता येतो. वर्गात सकाळी साडेदहा ते साडेबारा काय घडते, ते दिसत नाही, म्हणून त्यावर वाद होत नाही.

मातृभाषेच्या बाजूने बोलणाऱ्या आपल्या मंडळींनाही मला एक गोष्ट सांगायची आहे. पालघर, नंदुरबार, मेळघाट किंवा गडचिरोलीतील असंख्य मुलांच्या घरी वारली, भिली, पावरी, कोरकू किंवा गोंडी बोलली जाते. त्यांच्यासाठी पहिलीच्या पुस्तकातील मराठी ही घरची भाषा नाही, ती शाळेत भेटणारी नवी भाषा आहे. ‘पहिलीत एकच भाषा’ ही आपली मागणी या मुलांच्या बाबतीत प्रामाणिकपणे लावली, तर सुरुवातीचे अनेक महिने त्यांच्या भाषेत बोलणे, गोष्टी सांगणे, त्यांची गाणी वर्गात येऊ देणे आणि मग हळूहळू मराठीकडे नेणे, हे आपल्याला मान्य करावे लागेल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला हे ओळखले होते. मराठीच्या प्रेमापोटी रस्त्यावर उतरलेला समाज या मुलांच्या भाषांसाठी एक निवेदनही देत नसेल, तर आपली भूमिका अपुरी आहे, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणावर पुष्कळ टीका करता येते आणि ती व्हावीही. पण त्यातच एक वाक्य असे आहे की पायाभूत वाचन, लेखन आणि अंकज्ञान आधी साधले, तरच उरलेले धोरण मुलांच्या उपयोगाचे ठरेल. त्यासाठी जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले आणि २०२६-२७ ही मुदत ठरली. त्रिभाषा सूत्रासाठी, म्हणजे शाळेत तीन भाषा शिकवण्यासाठी, याच धोरणाचा हवाला देणाऱ्यांना विचारले पाहिजे की धोरणाने स्वतःच लावलेला हा क्रम तुम्ही का उलटवला? जाधव समितीपुढे मत मांडण्याची संधी ज्यांना मिळाली, त्यांनी भाषा कोणत्या इयत्तेपासून यावर अवश्य बोलावे. पण पहिली-दुसरीच्या वेळापत्रकात मराठी वाचन-लेखनाला रोज सलग किती वेळ राखून ठेवणार, हेही विचारावे. द्विशिक्षकी शाळेत एकाच शिक्षिकेपुढे पहिली-दुसरी एकत्र बसलेली असते आणि तिच्या फोनवर माहिती भरण्याचे निरोप येत असतात. मतदार याद्यांचे काम आले की तीच बाहेर पडते. तिला हा वेळ कोण राखून देणार, याचे उत्तर अभ्यासक्रम आराखड्यात नसेल, तर तो आराखडा अपूर्ण आहे.

शेवटी मोजमापाविषयी बोलतो, कारण येथेच चांगल्या योजना बिघडतात. मूल कोठे अडते, हे शिक्षकाला कळावे म्हणून वाचनाची चाचणी हवी. ती शिक्षकाचा हिशेब घेण्यासाठी वापरली, केंद्रप्रमुखाने जिल्ह्याचा क्रमांक वर नेण्यासाठी वापरली, की कागदावर सगळी मुले ‘अपेक्षित स्तरावर’ पोहोचतात आणि पाचवीत गेल्यावर पुन्हा अक्षरांपाशी सापडतात. म्हणून माझी सूचना अशी आहे की ऑगस्ट, डिसेंबर आणि मार्चमध्ये शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांसमोर दुसरीच्या प्रत्येक मुलाने एक न पाहिलेला उतारा वाचावा. जे अडतील त्यांची यादी त्या गावापुरती राहावी, वर पाठवली जाऊ नये, आणि त्या यादीवरून पुढच्या तीन महिन्यांत कोणाला रोज अर्धा तास वेगळा द्यायचा, एवढेच ठरवावे. वर्गात साध्या मराठीतल्या पन्नास-साठ पातळ गोष्टींच्या पुस्तकांची पेटी असेल आणि ती कुलपात नसेल, तर त्या अर्ध्या तासाला लागणारे साहित्यही तेथेच मिळेल. ज्या पालकांना स्वतःला वाचता येत नाही, तेही मूल अडखळते की नाही, हे कान देऊन ऐकू शकतात. त्यांना या बैठकीतून वगळण्याचे कारण नाही.