घसाऱ्यावरून सायकल उतरवताना ब्रेक कुठे लावायचा आणि कुठे सोडायचा

नमस्कार. मी आत्ता पुरंदर तालुक्यातल्या एका टेकडीच्या धारेवर उभा आहे. माझ्या मागे जी वाट खाली उतरताना दिसते, ती सायकलींसाठी कोणी मुद्दाम तयार केलेली नाही; ती मेंढरांनी, गुराख्यांनी आणि पलीकडच्या वाडीला ये-जा करणाऱ्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या तुडवून तुडवून पडलेली आहे. अशा वाटेवरून माउंटन बाइक उतरवताना ब्रेक कसा वापरावा, एवढ्याच विषयावर आज मी बोलणार आहे, कारण आपल्या डोंगरांत नवखा माणूस चढावर फक्त दमतो, पडतो तो उतारावर.

आधी पायाखालची जमीन पाहू. मी मूठभर मुरूम उचलला आहे. तो कॅमेऱ्याजवळ धरतो. यात ज्वारीच्या दाण्याएवढ्या कणांपासून सुपारीएवढ्या खड्यांपर्यंत सगळे आहे, आणि हे सगळे खालच्या काळ्या बसाल्टच्या कातळातूनच झिजून सुटलेले आहे. पावसाळ्यात ओल याला धरून ठेवते. दिवाळीनंतर ती ओल सुकत जाते आणि टणक जमिनीवर सुट्या खड्यांचा थर उरतो, ज्याला गिर्यारोहक घसारा म्हणतात. टायर त्या थरावर आला की त्याला जमीन मिळतच नाही. बेअरिंगमधल्या गोळ्यांप्रमाणे खडे खालून फिरत राहतात.

आता ब्रेककडे येऊ. लहानपणी आपल्यापैकी अनेकांना सांगितलेले असते की पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर पडशील. ती धास्ती मनात बसते आणि माणूस सगळा उतार एकट्या मागच्या ब्रेकवर उतरू पाहतो. प्रत्यक्षात उतारावर, त्यातही ब्रेक लावताना, शरीराचा आणि सायकलचा भार पुढच्या चाकावर सरकतो. मागचे चाक हलके होते, चटकन जाम होते आणि फरफटत एका बाजूला जाऊ लागते. वेग कमी करण्याचे खरे काम पुढचा ब्रेकच करतो, मात्र तो हळूहळू दाबत न्यावा लागतो. एकदम आवळला आणि पुढचे चाक जाम झाले, तर हँडल वळवूनही सायकल वळत नाही.

म्हणून माझे सांगणे असे आहे की ब्रेक घसाऱ्यावर लावू नये, घसाऱ्याच्या आधी लावावा. वाट नीट निरखली तर मध्ये मध्ये उघडा कातळ किंवा घट्ट मातीचा तुकडा सापडतो. वेग तिथेच, दोन्ही ब्रेक एकेका बोटाने दाबून, उतरवावा आणि सुटे खडे आले की बोटे सैल करून चाके मोकळी फिरू द्यावीत. त्या वेळी सीट खाली घेतलेली असावी, दोन्ही पेडल एका पातळीत, टाचा किंचित खाली, गुडघे आणि कोपरे वाकलेले असावेत, आणि नजर पुढच्या चाकावर नव्हे, तर पुढच्या वळणावर असावी. मागच्या हिवाळ्यात याच वाटेच्या तिसऱ्या वळणावर मी वळता वळता ब्रेक दाबला आणि गुडघा सोलून निघाला. वळणाच्या अलीकडे जेमतेम दोन हातांवर कातळ होता. ब्रेक तिथे दाबायला हवा होता.

ब्रेकचा हा प्रश्न या खेळाइतकाच जुना आहे. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही तरुणांनी जुन्या जाड टायरांच्या सायकलींवर एका कच्च्या डोंगरी रस्त्यावरून उतरण्याच्या शर्यती सुरू केल्या. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, असे आणि पेडल उलटे दाबल्यावर लागे. एका उतारातच हब इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि पुन्हा ग्रीस भरावे लागे. म्हणूनच त्या शर्यतीला ‘रिपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरणे’, हे नाव पडले. आजच्या डिस्क ब्रेकमुळे एका बोटाचा दाब पुरतो, ही फार मोठी सोय आहे.

टायरविषयी थोडक्यात सांगतो. इथे बाभळीचे काटे सर्वत्र आहेत, त्यामुळे ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट, म्हणजे काट्याचे भोक आतून बुजवणारा द्रव, घेतलेले बरे. हवा रस्त्यावरच्यापेक्षा कमी ठेवावी, पण दगडावर रिम आपटेल इतकी कमी नको.

एक गोष्ट मात्र मला मनापासून सांगायची आहे. जाम झालेले मागचे चाक जमिनीत चर पाडत जाते. जूनमध्ये पावसाचे पाणी तोच चर धरून धावते आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्याची ओघळ होते. आपण इथे सुट्टीच्या दिवशी येतो. वाडीतली माणसे डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन याच वाटेने रोज उतरतात. समोरून मेंढरांचा कळप आला तर सायकलवरून उतरून, बाजूला शांत उभे राहून, शेवटचे मेंढरू पुढे जाईपर्यंत थांबावे.

आता मी ही वाट उतरून दाखवतो. कॅमेरा हँडलवर लावला आहे. तुम्ही माझ्या बोटांकडे लक्ष ठेवा: कातळ आला की ती आवळतील आणि खडे सुरू होण्याआधी सुटतील.